माहेर साताऱ्याला, सासर सांगलीला, नोंद कुठे?

(विहाराच्या वर्धापन दिनी महिला मंडळाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमात महिला मंडळाला पंधरा मिनिटे मिळाली आहेत आणि विषय दिला आहे 'महिला, बालके व किशोरवयीन मुलींसाठी शासकीय योजना'. विषय पुकारताच मागच्या रांगेतली काही मंडळी चहाला उठली, ते आम्ही पाहिले. त्यांची चूक म्हणता येणार नाही. योजना म्हटले की एक लांबलचक कागद, त्यावर वीस नावे, आणि त्या नावांचा आपल्या घरातल्या पिठाच्या डब्याशी काय संबंध ते कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही आज यादी वाचणार नाही. आपल्या वस्तीत जे घडले ते सांगू, त्यात ज्या योजना येतील त्या येतील, राहतील त्या राहतील.

पण सुरुवात साताऱ्यापासून करू. बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, हे आपल्या लहान लेकरांनाही पाठ आहे. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्याच साताऱ्यात, त्याच्या चार वर्षे आधी, १८९६ साली भीमाबाई गेल्या. आपण फोटोला हार घालतो आणि पुढे जातो. जरा थांबून हिशेब केला पाहिजे. चौदा बाळंतपणे, त्यातली मोजकीच लेकरे हाताला लागली. भीमराव चौदावे. आई गेली तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते. आत्या मीराबाईंनी त्यांना वाढवले. पुढे रमाईच्या वाट्यालाही तेच आले. चार लेकरे गेली, एक यशवंत राहिला, आणि १९३५ साली त्या स्वतः गेल्या.

ज्या माणसाने आई आणि पत्नी दोघींच्या बाबतीत हे पाहिले, त्याने मुंबईच्या कायदेमंडळात काय केले? २८ जुलै १९२८ रोजी गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची रजा व त्या काळातला पैसा मिळावा म्हणून आलेल्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे यात देशाचे हित आहे आणि म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली तो मुंबई प्रांताचा कायदा झाला. आपल्यातली एखादी मावशी म्हणते, "सरकारापुढं हात कशाला पसरायचा वं? आमची बाळंतपणं न्हाई झाली का?" तिला आम्ही हीच गोष्ट सांगतो. हा हात पसरणे नव्हे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तर सरकारी नोकरीतल्या बायका वगळून प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेचा पोषण आहार आणि किमान ६००० रुपयांचे मातृत्व साहाय्य हे हक्क म्हणून लिहून ठेवले आहे.

आता आपल्या वस्तीतली गोष्ट. नाव सांगत नाही, ती सून आज इथेच बसली आहे आणि तिच्या परवानगीनेच सांगतो आहोत. माहेर सातारा जिल्ह्यातले, सासर आपल्या सांगलीतले. आपल्या वस्तीत अशा किती सुना असतील? निम्म्या तरी असतीलच. २०२१ साली तिला पहिल्यांदा दिवस गेले. आत्याबाई म्हणाल्या, "तीन महिनं कुणाला सांगू नगंस." नजर लागते ना! तीन महिने गेले, मग पुढे लाज, मग कामाची घाई. आशाताई दोनदा दारावरून गेली, तिला कोणी काही बोलले नाही. सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे माहेरी पाठवली. तिथल्या अंगणवाडीत तिची आई विचारायला गेली तर सांगितले, नाव सासरी असेल, तिकडेच चौकशी करा. इकडे विचारले तर, बाळंतपण तिकडे होणार ना, मग तिकडेच नोंद करा. दोन्ही ताई आपापल्या परीने बरोबर बोलत होत्या असे आम्ही धरून चालतो. पण त्या दोघींच्या मध्ये पोरगी राहिली ना!

पैसे बुडाले ते वेगळे. तेव्हा प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी तीन हप्त्यांत ५००० रुपये होते, त्यातला एकही आला नाही. पण खरी गोष्ट अशी की आठव्या महिन्यापर्यंत तिचे रक्त कोणी तपासलेच नव्हते. तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सात. अंगात रक्त नाही, पायावर सूज, आणि ती आपली शेतात आईला हात लावते आहे. मग धावपळ, सरकारी दवाखाना, रक्ताच्या बाटल्या. बाळ दिवसाआधी झाले, एक किलो नऊशे. अडीच किलोच्या खाली बाळ म्हणजे कमी वजनाचे. वीस-बावीस दिवस काचेत होते. वाचले. आज तो अंगणवाडीत जातो आणि सर्वांना दगड मारतो, ते तुम्ही पाहताच.

त्या उन्हाळ्यात आम्ही मंडळाच्या बायका काय करत होतो? वैशाख पौर्णिमेच्या खिरीची वर्गणी गोळा करत होतो. त्या घरीही दोनदा गेलो. पन्नास रुपये घेतले, पावती दिली, आणि सुनेचा चेहरा पांढराफटक आहे हे दिसूनही कार्ड काढलेस का म्हणून कोणी विचारले नाही. हे सांगायला आम्हाला बरे वाटत नाही, पण सांगितलेच पाहिजे.

त्यानंतर आम्ही शिकलो. काय शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या सुनेला ते उपयोगी पडेल. दिवस गेल्याचे कळले की पहिल्या तीन महिन्यांतच जिथे राहता तिथल्या आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रात नोंद करायची आणि माता व बाल संरक्षण कार्ड हातात घ्यायचे. ते कार्ड पेटीत ठेवायचे नाही, माहेरी जाताना सोबत न्यायचे. माहेरच्या ताईला कार्ड दाखवले की तपासणी, इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, आहार तिथेही मिळतो. नाव सासरचे आहे म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. अंगणवाडीच्या सेवेला पिवळे रेशनकार्ड लागत नाही, कायमचा पत्ता लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ती सेवा सर्वांसाठी खुली आहे. २०२१ पासून नोंदी मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये होतात आणि एका गावातून दुसऱ्या गावात गेलेल्या बाईचे नाव पुढे पाठवायची सोय त्यात आहे. सोय आहे, पण ताईला आपण सांगितले तरच. तिला स्वप्न पडत नाही.

मातृ वंदना योजनेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून बदलले. आता पहिल्या बाळासाठी दोन हप्ते, ३००० आणि २०००. पहिला नोंदणी व एक तपासणी झाल्यावर, दुसरा बाळाची जन्मनोंद व पहिल्या लसी झाल्यावर. आणि दुसरे अपत्य मुलगी झाली तर एकरकमी ६०००. अनुसूचित जातीच्या भगिनींना जातीच्या दाखल्यावर यात येता येते. याशिवाय जननी सुरक्षा योजनेतून अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालच्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यास ग्रामीण भागात ७०० व शहरात ६०० रुपये. रक्कम लहान आहे. पण २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझर, औषध, रक्त, जेवण, न्यायला-आणायला गाडी, सगळे फुकट केले आहे. १०२ ला फोन करायचा. कोणी बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी जपून ठेवायची आणि आम्हाला दाखवायची.

त्याच सुनेला २०२४ साली दुसरी मुलगी झाली. या वेळी कार्ड पहिल्या दोन महिन्यांत निघाले, माहेरी जाताना पिशवीत होते, बाळ दोन किलो आठशे, आणि ६००० खात्यात आले. आत्याबाईंनी स्वतः बँकेत जाऊन पासबुक छापून आणले.

अंगणवाडीबद्दल दोन शब्द जास्त बोलतो. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, देशात फक्त ३३ प्रकल्पांत. आज आपल्या गल्लीच्या टोकाला आहे म्हणून तिची किंमत वाटत नाही. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणे, पोषण व आरोग्याचे शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या लेकरांची शाळेआधीची शाळा, अशा सहा गोष्टी तिच्याकडे आहेत. आपण मात्र तिला 'खाऊची शाळा' म्हणतो. तीन वर्षांखालच्या बाळाला आणि गरोदर-स्तनदा मातेला घरी न्यायचा शिधा मिळतो. मातेसाठी दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने, असा त्याचा हिशेब आहे. आता खरे बोलू या. ती पाकिटे घरी आली की कुठे जातात? काही घरांत सगळ्यांच्या वाटीत जातात. काही घरांत म्हशीच्या आंबोणात गेलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. चव नाही म्हणतात. चवीची तक्रार करा, लेखी करा, आम्ही सह्या देतो. पण जिच्या नावाने आले तिच्या पोटात काही जाऊ द्या.

आणि महिन्याला वजन होते तेव्हा बाळाला न्यायचे. कार्डावरची रेघ खाली जाते आहे की वर, ते ताईला विचारायचे. "बारीकच हाय आमच्याकडली अंगलट" असे म्हणून सोडून द्यायचे नाही.

आता एक कटू विषय. २०११ साली सातारा जिल्हा परिषदेने घरोघर शोध घेतला तेव्हा 'नकुसा', 'नकुशी' अशा नावाच्या मुली सापडल्या. नको असताना झाली म्हणून नकुसा. मुलगा व्हावा म्हणून शेवटच्या मुलीला असे नाव ठेवायची रीत. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ करून २८५ मुलींना नवी नावे दिली, प्रमाणपत्रे दिली. कोणी नटीचे नाव घेतले, कोणी साधे वैशाली घेतले. बातमी जगभर गेली. ज्या जिल्ह्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाईंचा जन्म झाला, त्याच जिल्ह्यात हे करावे लागले.

सांगलीकरांनी साताऱ्याकडे बोट दाखवायचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८९५ मुली होत्या, तर आपल्या सांगलीत ८६७. म्हणून २०१५ साली 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' सुरू झाले तेव्हा देशातल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत सांगलीचे नाव होते. तो काही मान नव्हता. आणि २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एका गर्भपातात बाईचा जीव गेला, तपास झाला, आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला होता, देशात सर्वांत आधी. केंद्राचा १९९४ चा. साताऱ्यात दलित महिला विकास मंडळाने आणि वर्षाताई देशपांडे यांनी 'लेक लाडकी अभियान' चालवून या कायद्याखाली डॉक्टर पकडून दिले. पण आपण बौद्ध, आपल्यात असले नसते, असे म्हणून आम्ही सुटका करून घेणार नाही. दोन मुलींवर थांबलेल्या सुनेला आपल्याच वस्तीत काय ऐकावे लागते ते इथल्या बायकांना माहीत आहे.

मुलगी जन्मली तर तिच्यासाठी शासनाची 'लेक लाडकी' योजना आहे. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरातल्या मुलीला जन्मल्यावर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००, असे एकूण १ लाख १ हजार. अर्ज अंगणवाडीताईकडे. शेवटची मोठी रक्कम अठराव्या वर्षी आहे, ती लग्नाच्या मांडवासाठी नाही, हे आजच बोलून ठेवतो. 'लाडकी बहीण' २०२४ पासून सगळ्यांना माहीत आहे, महिन्याला १५०० येतात म्हणून. तिच्याबद्दल आम्ही बोलत नाही, तुम्ही आम्हाला शिकवाल.

किशोरवयीन मुलींचे मात्र आम्हाला वाईट वाटते. २०१० साली केंद्राने ११ ते १८ वयाच्या मुलींसाठी 'सबला' योजना काढली. महाराष्ट्रात ११ जिल्हे निवडले, त्यात सातारा होता, सांगली नव्हती. म्हणजे बघा, एका बहिणीच्या पोरीला अंगणवाडीतून पोषण आहार, मुलींचा गट, आरोग्याची माहिती, आणि दुसऱ्या बहिणीच्या पोरीला काही नाही, कारण मध्ये जिल्ह्याची हद्द. पुढे योजना शाळाबाह्य ११ ते १४ वयापुरती राहिली, आणि २०२२ पासून १४ ते १८ च्या मुलींसाठी, आपल्या राज्यात फक्त आकांक्षित जिल्ह्यांत. महाराष्ट्रात ते नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. तिथल्या मुलींना ती हवीच. पण जतच्या, आटपाडीच्या, माण-खटावच्या दुष्काळी भागातल्या पोरींची पोटे काय भरलेली आहेत? हे आम्ही निवेदनात लिहिले आहे, सह्या बाहेरच्या टेबलावर आहेत.

जे उरले आहे ते तरी घेऊ. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, ती लोहाची. पोरी ती खिडकीतून टाकतात, कारण मळमळते. जेवणानंतर घ्यायची, रिकाम्या पोटी नाही, हे आयांनी सांगायचे. जंताची गोळी वेगळी, तीही घ्यायची. पाळीविषयी, अंगावरून जाण्याविषयी, मनातल्या भीतीविषयी विचारायला सरकारी दवाखान्यात 'मैत्री क्लिनिक' आहे. पोरींना एकटीने जायला लाज वाटते, म्हणून मंडळातली एक ताई सोबत जाईल. आत बसणार नाही, बाहेर थांबेल.

शिकणाऱ्या मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. ती आली तेव्हा पाचवी ते सातवीला महिन्याला ६० रुपये, पुढे आठवी ते दहावीला १००. आणि पहिली ते चौथीच्या मागासवर्गीय मुलीला शाळेत आल्याबद्दल रोज एक रुपया, तोही ७५ टक्के हजेरी असली तर. एका रुपयात काय येते हे शासनाला आम्ही विचारणारच आहोत. पण पुढे अकरावी-बारावीपासून बाहेरगावी राहून शिकणाऱ्या, शासकीय वसतिगृह न मिळालेल्या मुलीला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार' योजना आहे, तिच्यात जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० पर्यंत, महानगरपालिका क्षेत्रात त्याहून जास्त. ही रक्कम एखादीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलते.

इथे दाखल्याचा प्रश्न येतो. महाराष्ट्राने १ मे १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने १९९० साली कायदा बदलल्यावर. त्या तीस वर्षांत आपल्या घरांतल्या कितीतरी कागदांवर कुठे 'बौद्ध', कुठे जुनी जात, कुठे नुसती रेघ, असा घोळ झाला. मुलीचा जातीचा दाखला वडिलांच्या कागदांवर, वडिलांच्या जिल्ह्यातून निघतो. म्हणून लग्नाआधी तो काढून मुलीच्या हातात द्या. पातेली-भांडी देता, त्यात हाही ठेवा. लग्नानंतर सासरहून साताऱ्याच्या चार फेऱ्या, आजोबांचा शाळेचा दाखला शोधणे, यात सगळी मुदत निघून जाते. आणि आधारवर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे, असे असले की पैसे अडकतात. एका सुनेचे असे आठ महिने अडकले होते.

शेवटी त्या घरांबद्दल, जिथे कर्ता माणूस गेला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, निराधार बाईला महिन्याला १५०० रुपये, अर्ज तहसील कार्यालयात. तिच्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अठरा वर्षांपर्यंत दर मुलामागे महिन्याला २२५०. हे दुसरे आपल्या वस्तीत कोणालाच माहीत नव्हते. करोनात दोन घरांतले बाप गेले, त्या पोरांचे अर्ज आम्ही दीड वर्ष उशिरा केले. उशिरा, पण झाले. एका मुलाची सायकल त्यातून आली.

येत्या रविवारपासून वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर मंडळाची वही घेऊन दोघी बसतील, सकाळी दहा ते बारा. वहीत वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईचे नाव, महिना, कार्ड निघाले की नाही, माहेरचे गाव आणि तिथल्या अंगणवाडीताईचा फोन, एवढेच लिहिणार. येताना आधार, पासबुक, रेशनकार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि जातीचा दाखला आणा. दाखला नसेल तर वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा. सासूबाईंनी सुनेला घेऊन यावे, किंवा सुनेने एकटीने यावे. कोणाच्या पोटात किती महिन्यांचे आहे हे वहीच्या बाहेर जाणार नाही, ही आमची हमी.

जयभीम, नमो बुद्धाय.